देव आला की ऊन लागलं

पाडवा झाला की केरबा तोडकर एका जागी बसत नाही. जेवता जेवता उठून अंगणात जातो, आभाळाकडं बघतो, परत येऊन भाकरी मोडतो. फौंड्रीतून सुटल्यावर सायकल घराकडं न वळवता तीन रस्ते मिळतात त्या तिकटीवरच्या सलूनमध्ये शिरतो आणि पेपरात कोल्हापूरचं तापमान शोधतो. आकडा मोठा असला तर गप्प बसतो. लहान असला तर सलूनवाल्याला ऐकवतो, "ह्यो सावलीतला आकडा हाय. माणूस काय सावलीत काठी नाचवतोय?"

"मग तू जाऊ नगोस की."

"मी कुठं जातोय? माझा भाऊ जातोय."

हे उत्तर सगळ्या चिंचमाळला पाठ झालं आहे.

चिंचमाळ हे करवीर तालुक्यातलं ऊस आणि दुधावर चालणारं गाव. माळावर उभं राहिलं की ज्योतिबाचा डोंगर समोर दिसतो. चैत्र पौर्णिमेच्या यात्रेला गावोगावच्या सासनकाठ्या या डोंगरावर जातात, त्यांत चिंचमाळची एक असते. तीस-पस्तीस फुटांचा कळक म्हणजे जाड बांबू, त्याला गुंडाळलेलं रंगीत कापड, टोकाला निशाण. काठीचा बुंधा एका माणसाच्या कमरेच्या पट्ट्यात बसवतात. चार बाजूंनी चार जण दोऱ्या ताणून तोल सांभाळतात, पण वजन एकट्याच्या कमरेवर. ते पेलून त्यानं हलगीवर नाचायचं, तेही डोंगरावरच्या गर्दीत, डांबरी रस्त्यावर, अनवाणी.

चिंचमाळात हा पट्टा तोडकरांच्या घराचा मान आहे. मानाबरोबर एक नियम येतो. पट्टा बांधला की तोंडाला पाणी लावायचं नाही. काठीनं देवळापुढं सलामी दिली आणि पट्टा सुटला, की मग प्यायचं. शेजारच्या गावांच्या काठ्यांना असला नियम नाही. त्यांची माणसं वाटेत सरबत पितात, कलिंगड खातात. चिंचमाळकरांना त्यात कमीपणा वाटतो.

काठीचे कारभारी गणपतराव तोडकर, म्हणजे केरबाचे चुलते, यांना भावकी तात्या म्हणते. नियम कुठून आला असं विचारलं तर ते सांगतात की त्यांच्या वडिलांच्या वेळी काठ्या मोजक्या असायच्या. पट्टा पहाटे बांधायचे आणि ऊन तापायच्या आत सलामी होऊन जायची. पुढं काठ्या वाढल्या, रांग लांबली, सलामी भर दुपारवर गेली. पट्टा मात्र सकाळीच बांधला जात राहिला. पूर्वी पाण्याशिवाय राहायचं म्हणजे न्याहारीपर्यंत राहायचं, आता दुपार कलेपर्यंत. तात्या हे सगळं स्वतःच्या तोंडानं सांगतात आणि त्यात काही चुकतंय असं त्यांना वाटत नाही.

केरबानं हा पट्टा वयाच्या बाविसाव्या वर्षी घेतला. माणूस अंगानं आडवा, बोलायला फटकळ, कामाला वाघ. शिरोलीच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका फौंड्रीत तो ओतकामावर होता. वितळलेलं लोखंड भट्टीतून साच्यापर्यंत न्यायचं. तिथं उष्णतेचा कायदा कडक होता. ठरावीक वेळानं शिट्टी व्हायची, भट्टीपुढचे सगळे बाहेर यायचे, मीठ-लिंबाचं पाणी प्यायचे. न पिणाऱ्याला सुपरवायझर परत आत सोडत नसे. केरबा तिथं मुकाट्यानं दोन ग्लास प्यायचा. हाच माणूस डोंगरावर घोटभर पाणी घेत नव्हता. याबद्दल कुणी छेडलं तर तो म्हणायचा, "तितं कंपनीचा कायदा, हितं देवाचा. दोन्ही मोडायचं न्हाईत."

कोल्हापूरकरांना उन्हाचं भय तसं नाही. ऊन लागून माणसं मरतात ती नागपूर-चंद्रपूरकडं, अशी इथली समजूत. इथं दुपार तापली तरी संध्याकाळी पन्हाळ्याकडून वारा सुटतो, वळीव येतो. त्यामुळं उन्हात कुणी झिंगायला लागला, तर हे ऊन आहे असं चटकन कुणाच्या मनात येत नाही. हलगी वाजत असेल, गुलाल उडत असेल, तर मुळीच येत नाही. मनात दुसरंच येतं.

१९९८ च्या यात्रेत तेच झालं.

यात्रा एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात होती. केरबा तेव्हा छत्तीस वर्षांचा. आदले दोन दिवस त्याला जुलाब होत होते. ते त्यानं बायकोलाही सांगितलं नाही, कारण कळलं असतं तर पट्टा दुसऱ्याकडं गेला असता. उपास धरला, सकाळी पट्टा बांधला आणि रांगेत उभा राहिला. रांग हलत नव्हती. सावलीला झाड नव्हतं. हलगीवाले मात्र दमत नव्हते.

दुपारी केरबाची मान डोलायला लागली. डोळे वर गेले. पाय ठेक्यात पडेनात, तरी तो नाचत होता. कुणीतरी ओरडलं, "देव आला! केरबाच्या अंगात आलं!"

तात्यांनी टोपी काढून हात जोडले. हलगीचा ठेका वाढला. चारी बाजूंनी त्याच्यावर गुलाल-खोबरं पडलं. बायकांनी पोरं पुढं केली, पायावर घाला म्हणून. केरबाची बायको तानाबाई बायकांच्या घोळक्यात मागं होती. ती वाट काढत पुढं आली आणि तिला एक गोष्ट दिसली. दोरीवाल्यांच्या अंगावर घामानं गुलालाचा चिखल झाला होता. केरबाच्या अंगावरचा गुलाल पिठासारखा कोरडा होता, वाऱ्यानं उडत होता.

केरबानं तिच्याकडं बघितलं आणि म्हणाला, "आई, दार लाव. वासरू बाहीर गेलं."

त्याची आई जाऊन तेव्हा बारा वर्षं झाली होती.

"अवं, ह्यांस्नी सोडवा," तानाबाई ओरडली. "ह्यो देव न्हवं. ह्यांचं डोकं फिरलंय उन्हानं."

"बायकांनी मधी बोलायचं न्हाय," तात्या म्हणाले.

त्यावर अजून बोलणं झालं असतं, पण केरबा गुडघ्यावर आला आणि आडवा झाला. दोरीवाल्यांनी काठी तोलली. त्याचा धाकटा भाऊ आकाराम एका दोरीवर होता. त्यानं दोरी दुसऱ्याच्या हातात दिली, खाली वाकून बुंधा आपल्या कमरेला घेतला आणि काठी भुईला टेकू दिली नाही. पुढं गावात चर्चा झाली ती याचीच. पडलेल्या माणसापेक्षा न पडलेल्या काठीची.

जीपमधून कोल्हापूरला नेताना तानाबाईनं ड्रायव्हरनं रेडिएटरसाठी ठेवलेल्या कॅनमधलं पाणी वाटभर केरबाच्या अंगावर ओतलं. साडीचा पदर भिजवून त्याच्या गळ्याभोवती गुंडाळला, जीपचं कापड वर करून वारा लागू दिला. ती शाळेत चौथीपर्यंत गेलेली. हे कुणी शिकवलं, असं इस्पितळातल्या डॉक्टरांनी विचारलं तेव्हा म्हणाली, "म्हस तापली की आमी दुसरं काय करतो?"

केरबा आठवडाभर इस्पितळात होता. मूत्रपिंडं जेमतेम वाचली. घरी आल्यावर शेजारच्या गावातल्या डॉ. प्रसेनजीत सोनुले यांच्याकडं त्याचं तपासणं सुरू झालं. डॉक्टर त्याच्याच वयाचे, सरळ बोलणारे. त्यांनी सांगितलं की एकदा असं ऊन लागलं की अंगाची सहन करायची ताकद कमी होते. भट्टी बंद. काठी बंद.

"किती दिवस?"

"भट्टीचं मी कंपनीला लिहून देतो. काठीचं कुणाला लिहून देऊ?"

फौंड्रीनं त्याला गोदामात घेतलं. लोखंड ओतणारा माणूस नटबोल्टांची खोकी लावायला लागला. ते त्यानं सोसलं. गावात जे बोललं जात होतं ते सोसणं अवघड होतं. केरबाला देव आला, पण सोसला नाही. काहीतरी चुकलं असणार. कुणी म्हणे उपास मोडला असेल, कुणी म्हणे सोवळं पाळलं नसेल. जुलाबाची गोष्ट बाहेर आल्यावर तर बोलणाऱ्यांना कारणच मिळालं. पट्टा आकारामकडं गेला आणि केरबाकडं दोरी आली.

केरबानं डॉक्टरांना खोदून खोदून विचारलं. उन्हाचा माणूस ओळखायचा कसा? तानाबाईला दिसला तसा कोरडा गुलाल बघायचा का?

"त्यावर विसंबू नका," डॉक्टर म्हणाले. "कष्ट करणाऱ्याचं अंग ओलं असतं आणि आतून भट्टी पेटलेली असते. घाम आहे म्हणजे बरा आहे, असं नाही. डोकं बघा. चालणं बघा. काहीतरी विचारा. उत्तर भलतंच आलं, की थांबायचं नाही. आधी गार करायचं, मग गाडी शोधायची. शुद्ध नसेल तर तोंडात पाणी ओतायचं नाही, ठसकून मरेल."

"पण देव आलेला माणूसबी भलतंच बोलतोय की."

डॉक्टरांच्या घरात तीन पिढ्यांत कुणाच्या अंगात आलं नव्हतं. १९५६ ला घर बौद्ध झाल्यावर तर तो प्रश्नच मिटला होता. ते एवढंच म्हणाले, "देव असला तर पाण्यानं जाणार नाही. ऊन असलं तर माणूस जाईल."

हे वाक्य घेऊन केरबा पुढच्या पाडव्याला काठीच्या बैठकीत उभा राहिला. म्हणाला, पट्टेवाल्याला पाणी द्यायचं ठरवा. तात्यांनी ऐकून घेतलं. आकाराम भिंतीला टेकून बसला होता. तो म्हणाला, "दादा, तुला झेपलं न्हाय म्हणून नियमच बदलायचा व्हय? उद्या म्हणशील काठीबी आखूड करा."

बैठक हसली. दुसऱ्या वर्षी केरबा परत उभा राहिला, तेव्हा मागून कुणीतरी म्हणालं, "मान गेला, आता पाणपोई काढतोय." तिसऱ्या वर्षी तो बोललाच नाही. पण यात्रेच्या दिवशी दोरी धरून त्याचं लक्ष निशाणाकडं नसायचं, भावाच्या मानेकडं असायचं. दोन-तीन वेळा त्याच्या हातून दोरी सैल पडली आणि शिव्या खाव्या लागल्या. घरी तो धड झोपत नव्हता. चैत्र लागला की तानाबाई त्याच्यापुढून चहाचा कप काढून घ्यायची आणि म्हणायची, "तुमी त्या उन्हानं गेला न्हाईसा, आता ह्या काळजीनं जाशीला."

२००२ साली पौर्णिमा एप्रिलच्या अखेरीस आली. चैत्रातली इतकी उशिराची यात्रा गेल्या काही वर्षांत नव्हती. वळीव झाला नव्हता. डांबर पायाला चिकटत होतं. चिंचमाळच्या काठीपुढं बऱ्याच काठ्या होत्या आणि रांग पावलापावलानं सरकत होती. केरबा पुढच्या दोरीवर होता, म्हणजे भावाचं तोंड त्याला दिसत होतं.

आकाराम आधी लाल झाला, मग त्याच्या ओठांचा रंग गेला. अंग घामानं निथळत होतं. केरबानं हाक मारली, "आक्या, बरा हाईस न्हवं?" आकारामनं मान हलवली. थोड्या वेळानं पुन्हा हाक मारली. मान हलली नाही. पाय आडवे पडायला लागले, तोल एका बाजूला गेला, आणि डोळे वर गेले.

"देव आला!" मागून आवाज उठला. तात्यांनी टोपी काढली. हलगी कडाडली.

केरबानं आपली दोरी शेजाऱ्याच्या हातात कोंबली आणि भावाच्या तोंडाशी गेला. आकाराम गावच्या दूध संस्थेत सकाळ-संध्याकाळ दूध मापायचा. तो बडबडत होता. केरबानं कान नेला.

"फॅट लागंना," आकाराम म्हणत होता. "म्हशीचं न्हवं ह्ये. कॅन परत घिऊन जा. परत घिऊन जा म्हनतो न्हवं!"

केरबा तात्यांकडं वळला. "तात्या, देव फॅटचं बोलंल व्हय?"

"देवानं काय बोलावं त्ये तू ठरवणार?"

"घाम बघ की त्याचा, केरबा," दोरीवरचा एक जण म्हणाला. "तुज्यागत कोरडा पडला न्हाय त्यो."

"मागं सर," आणखी कुणी ओरडलं. "सोताला न्हाय सोसला आन् भावाचा घालवायला निघालाय."

केरबाला त्या क्षणी काय माहीत होतं, ते नीट सांगायला हवं. भावाला ऊन लागलंय याची त्याला खात्री नव्हती. अंग ओलं होतं. गावाला देव दिसत होता आणि तोडकरांच्या घरात देव येतो यावर त्याचा स्वतःचाही विश्वास होता, आजही आहे. चुकला असता तर त्यानं हजारो माणसांसमोर देवाला हाकललं असतं, आणि तेही आपला मान गेला म्हणून जळून, असं प्रत्येक जण म्हणाला असता. आणि थांबून बघायला वेळ नव्हता.

त्यानं पट्ट्याची गाठ सोडली.

बुंधा निसटला. काठी एका बाजूला कलली, दोरीवाले किंचाळले, पुढच्या गावाची माणसं पळाली. केरबा ओरडला, "आडवी करा! आडवी करा तिला!" दुसरा इलाज नसल्यानं त्यांनी काठी हळूहळू खाली घेतली आणि चिंचमाळची सासनकाठी रस्त्यावर आडवी झाली. असं आधी कधी झाल्याचं तात्यांच्याही ऐकिवात नव्हतं. हलगी थांबली.

रस्त्याकडेला सरबताचा गाडा होता. केरबानं आकारामला काखेत धरून गाड्याच्या ताडपत्रीखाली ओढला आणि बर्फाचं पाणी घागरीनं त्याच्या अंगावर ओतलं. बर्फाचे तुकडे फडक्यात बांधून काखेत, मानेला, जांघेत लावले. आकारामनं त्याच्या तोंडावर एक ठोसा दिला. केरबाचा ओठ फुटला. तो ओततच राहिला. गाडेवाला पहिल्यांदा शिव्या घालत होता, मग स्वतःच सुपानं वारा घालायला लागला. तानाबाई आली, तिनं दिराची टाच धरून ठेवली, कारण तो लाथा झाडत होता.

"भावजी, गप पडा की. मेलासा तर देवाला कोन नाचवायचं?"

गर्दीतून स्ट्रेचर यायला वेळ लागला. वैद्यकीय तंबूत तरुण डॉक्टरीणबाईंनी ताप बघितला तेव्हा तो एकशे दोनच्या घरात होता. आकाराम नाव सांगत होता, गाव सांगत होता.

केरबानं विचारलं, "ऊनच हुतं न्हवं, बाई?"

"असेल. तुम्ही आधीच गार केलंय. आधी किती होता ते आता कसं सांगणार? इतका वेळ उन्हात नाचल्यावर एवढा ताप कुणालाही असतो."

"म्हणजे नसंलबी?"

"नसेलही. पण केलंत ते बरोबर केलंत."

केरबाला यातलं दुसरं वाक्य ऐकूच आलं नाही.

आकाराम संध्याकाळी स्वतःच्या पायांनी डोंगर उतरला. काठी त्या वर्षी सलामी न देता परत आली. गावात शुद्धीकरण झालं. दोन्ही भावांची घरं एका भिंतीनं जोडलेली, पण वर्षभर आकाराम केरबाशी बोलला नाही. दूध घालायला तानाबाई जायची, तेव्हा तो माप मारत नसे, पण वर बघतही नसे. गावातल्या माणसांनी आपापली बाजू घेतली. काही म्हणाले, भाऊ वाचवला. बरेच जण म्हणाले, देव घालवला. "देव फॅटचं बोलंल व्हय" हे वाक्य तिकटीवर विनोद म्हणून फिरलं. त्याला जोडून कुणीतरी उत्तरही तयार केलं, "देवाला काय दूध लागत न्हाय व्हय?"

केरबा स्वतः दोन्ही बाजूंना असायचा. दुपारी त्याला खात्री असायची की ऊन होतं. संध्याकाळी वाटायचं, नसलं तर? तो डॉक्टर सोनुल्यांकडं गेला. ते म्हणाले, तो जिवंत आहे, विषय संपवा. विषय संपला नाही. त्यानं आकारामलाच विचारायचं ठरवलं, पण त्यातही अडचण होती. १९९८ च्या दुपारचं केरबाला स्वतःला काहीही आठवत नव्हतं. ज्यांच्या अंगात येतं, तेही नंतर सांगतात की काही आठवत नाही. आठवत नाही या उत्तरातून काहीच निघणार नव्हतं.

२००३ ला पट्टा पुन्हा आकारामलाच मिळाला. केरबाला दोरी मिळाली नाही. तात्यांनी स्पष्ट सांगितलं, "तुजा हात काठीला नगं." तरी तो डोंगरावर गेला आणि गर्दीच्या कडेनं चालत राहिला. तिथून भावाचं तोंड दिसत नव्हतं, दिसायचं ते फक्त वरचं निशाण. निशाण डुललं की केरबा माणसं ढकलत पुढं घुसायचा. सरळ झालं की मागं ढकलला जायचा. सलामी झाली, काही झालं नाही, आणि घरी येऊन त्याला उलट्या झाल्या.

त्या पावसाळ्यात डॉ. सोनुल्यांनी एक वेगळा प्रश्न विचारला. "तुमचा नियम नेमका काय आहे? शब्दात सांगा."

"पट्टा बांधला की तोंडाला पाणी लावायचं न्हाय."

"तोंडाला. डोक्याला?"

केरबाचा हात आपसूक डोक्याकडं गेला.

"पिऊ नका म्हणतात. ओतू नका असं कुणी म्हटलंय का? प्यायलाच हवं, त्याला तोड नाही. पण निदान डोकं, मान ओली ठेवली, थांबल्या जागी छत्री धरली, आदल्या दिवसापासून भरपूर पाणी घेतलं आणि पट्टा बांधायच्या आधी मीठ-साखरेचं तांब्याभर घेतलं, तर बरंच काम होईल. आजारी असेल त्यानं मात्र बांधूच नये."

२००४ च्या पाडव्याला केरबा बैठकीत तिसऱ्यांदा उठला आणि फक्त एवढंच विचारलं, "डोक्यावर पाणी घातलं तर नियम मोडतोय काय?"

नियमाचा शब्द तात्यांनी मनात दोन-चारदा फिरवला असावा. मग म्हणाले, "डोक्याचं कुणी काय सांगितलेलं न्हाय." आणि लगेच पुढं म्हणाले, "पर घालायचं कुणी? तुजा हात काठीला नगं म्हणून सांगितलंय."

"काठीला लावतच न्हाय. भावाच्या डोक्याला लावतो."

यावर बैठक हसली, पण या वेळी आकाराम हसला नाही.

यात्रेच्या आदल्या दिवशी केरबा दूध संस्थेत गेला. संकलन संपलं होतं, आकाराम फरशी धूत होता.

"काय पायजे?"

"पाणी पितोयस न्हवं सकाळपासनं?"

"तू काय माजी आई हाईस?"

"पितोयस का न्हाय?"

"पितोय. दर घटकेला मुतायला जातोय. झालं समाधान?"

केरबा हलला नाही. आकारामनं खराटा भिंतीला लावला. दोन वर्षांत पहिल्यांदा त्यानं भावाकडं सरळ बघितलं.

"दादा, त्या दिवशी देव हुता."

"असंल."

"असंल न्हवं. हुता."

"तुला आठवतंय?"

आकारामनं बादली उचलून दारात पाणी फेकलं. मग पाठ वळवून म्हणाला, "उद्या कडंकडंनं हुंदडू नगोस. माणसांस्नी ढकलत येतोस, लाज वाटती. याचंच असंल तर माज्या फुडं चाल."

"फुडं चाललो तर तुजं त्वांड कसं दिसणार?"

"मग उलटा चाल."

२००४ च्या चैत्र पौर्णिमेला ज्यांनी चिंचमाळची काठी बघितली, त्यांना काठीपुढं एक आडव्या अंगाचा माणूस उलट्या पावलांनी चालताना दिसला. एका हातात पाण्याची कळशी, खांद्यावर ओलं फडकं. मागं खड्डा आहे की माणूस, हे त्याला कळत नव्हतं. तानाबाई त्याच्या शर्टाचं टोक धरून त्याला वळवत होती. थोड्या थोड्या वेळानं तो भावाच्या मानेवर फडकं पिळायचा आणि काहीतरी विचारायचा. आज वार कुठला? तात्याच्या धाकट्या जावयाचं नाव काय? धाकटी पोरगी कितवीत हाय?

आकाराम दात आवळून उत्तरं देत होता. काही उत्तरांना शिव्या जोडलेल्या असायच्या. शिवी नीट जुळली की केरबा दोन पावलं मोकळा श्वास घ्यायचा.

देवळाच्या अलीकडच्या चढावर रांग थांबली. हलगी टिपेला गेली, आजूबाजूनं गुलाल उडाला आणि आकारामची मान एका बाजूला कलली. मागं कुणीतरी हात जोडले.

"आक्या," केरबा म्हणाला. "आपल्या आईचं माहेर कुठलं?"

उत्तर आलं नाही.

"आक्या. आईचं माहेर कुठलं?"

केरबानं कळशी तानाबाईकडं दिली. दोन्ही हात मोकळे झाले. पट्ट्याची गाठ त्याच्या हाताच्या अंतरावर होती.

"आक्या!"

"शाहूवाडीकडचं," आकाराम डोळे न उघडता म्हणाला. "नाचू दे की जरा, मुडद्या."

केरबानं हात मागं घेतले. कळशी परत घेतली, उरलेलं पाणी भावाच्या डोक्यावर ओतलं आणि पुढचा प्रश्न शोधत उलटा चालायला लागला.